नाण्यांचा छंद आणि छायाचित्र

जुनीं नाणीं जमविण्याचा व त्यांचीं छायाचित्रें काढण्याचा छंद अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत बराच पसरला आहे. कॅमेरा आतां ज्याच्या त्याच्या खिशांत असल्यामुळें पहिल्या छंदाला दुसऱ्याची सहजच जोड मिळाली आहे. ह्या छंदाला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. वेळ दवडण्याचे इतर अनेक मार्ग पाहिले म्हणजे हा पुष्कळच बरा वाटतो. परंतु ज्या रीतीनें तो बहुधा चालतो, तीमुळें इतिहासाचा लाभ होतो कीं हानि होते, हा प्रश्न विचारणें अवश्य झालें आहे. आणि मराठवाड्यांतील वाचकांनीं तर तो आधीं विचारला पाहिजे.

लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरील रेणापूर हें गांव रेणुकादेवीच्या देवळासाठीं प्रसिद्ध आहे, नाण्यांसाठीं नाहीं. तरी अशाच गांवांच्या जुन्या देव्हाऱ्यांत, लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनांत आणि सराफाच्या पेटींत ह्या प्रांताचा आर्थिक इतिहास विखुरलेला असतो. येथील निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली. पण निजामाचा हाळी शिक्का त्यानंतरहि १९५९ पर्यंत चलनांत राहिला. त्या रुपयावरील चारमिनाराच्या दारांत एक लहानसें अक्षर असतें. तें ‘मीम’ असेल तर नाणें महबूब अलीखानाच्या कारकीर्दीचें, ‘ऐन’ असेल तर १९११ सालीं गादीवर आलेल्या उस्मान अलीखानाच्या. नुसत्या डोळ्यांना न दिसणारें हें अक्षर मोठ्या केलेल्या छायाचित्रांत शाळेंतल्या मुलालाहि वाचतां येतें. छायाचित्राचा उपयोग तो हा, आणि तो लहान नव्हे.

पण ह्याच नाण्यावर छायाचित्राची मर्यादाहि दाखवितां येते. हाळी रुपया आणि इंग्रजी कलदार रुपया एकाच पानावर शेजारीं शेजारीं छापले, तर दोघे तोलामोलाचे वाटतात. वस्तुतः कलदाराचें वजन सुमारे ११.६६ ग्रॅम, तर हाळीचें सुमारे ११.१८ ग्रॅम, शिवाय हाळींत चांदीचें प्रमाणहि कमी. म्हणूनच शंभर कलदारांस सुमारे एकशें सोळा हाळी मोजावे लागत. शेतकऱ्याचा सारा, सावकाराचें व्याज आणि व्यापाऱ्याचा नफा ज्या फरकांत गुंतलेला होता, तो फरक चित्रांत उतरत नाहीं. तो तराजूंतच उतरतो. तेव्हां वजन न लिहितां दिलेलें नाण्याचें छायाचित्र हें शोभेचें चित्र होय. त्याला पुरावा म्हणतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. छंदी मनुष्याचें लक्ष एकेका नाण्यावर असतें; इतिहासाचें लक्ष समूहावर असतें. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधि सांपडला. त्यांत १३,०००हून अधिक नाणीं होतीं, व त्यांपैकीं ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. ह्यांतील एकच नाणें हातीं आलें असतें तर एका राजाच्या नाण्यावर दुसऱ्याचा ठसा आहे, एवढेंच कळलें असतें. सारीं एकत्र मिळालीं म्हणून जेत्यानें शत्रूचें चलनच मोठ्या प्रमाणावर आपलेंसें केलें, हा राजकारणाचा धडा वाचतां आला. तो निधि तेरा हजार हौशी लोकांनीं एकेक नाणें घेऊन वांटून नेला असता, तर प्रत्येकाच्या घरीं एक सुंदर वस्तु राहिली असती आणि धडा मात्र कोणाच्याच घरीं राहिला नसता.

वऱ्हाडांतहि हाच अनुभव आहे. मंगरूळपीर भागांतील तऱ्हाळें येथें १९३९ सालीं सातवाहनांच्या पोटीन धातूच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा निधि उजेडांत आला. वा. वि. मिराशी यांनीं त्याचा अभ्यास केला, तेव्हां कुंभ, कर्ण व शक अशीं नांवें असलेले सातकर्णि राजे ध्यानांत आले. पुराणांतील वंशावळींत हीं नांवें नाहींत. पोटीनचीं हीं ओबडधोबड नाणीं छायाचित्रांत मुळींच शोभत नाहींत. चांदीच्या झगझगीत रुपयापुढें त्यांच्याकडे कोणी पाहणारहि नाहीं. परंतु ग्रंथांनीं विसरलेले राजे त्यांनींच परत दिले. सौंदर्यावरून नाण्याची पारख करणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

खाजगी संग्रह म्हणजे अपायच, असें मात्र कोणी समजूं नये. लातुराच्या शेजारीं तेर हें गांव आहे. ग्रीक लेखकांना ठाऊक असलेली तगर नगरी ती हीच. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आपल्याच गांवच्या मातींतून निघालेलीं नाणीं, मणी, मातीच्या मूर्ति असा संग्रह केला आणि आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचें नांव आहे. त्या संग्रहाचें खरें मोल वस्तूंच्या संख्येंत नाहीं. त्या कोणत्या मातीच्या, हें ठाऊक आहे, ह्यांत तें आहे. तींच नाणीं शहरच्या प्रदर्शनांत दहा हात फिरून विकलीं गेलीं असतीं तर तेर त्यांना पारखें झालें असतें व तीं तेरला.

‘आम्हीं विकत घेतलीं नसतीं तर सराफानें आटविलीं असतीं,’ असें संग्राहक म्हणतात. हें म्हणणें खोटें नाहीं, पण तें अर्धेंच खरें आहे. मुशींत गेलेल्या नाण्याचा सर्वस्वीं नाश होतो. ठिकाण न विचारतां घेतलेल्या नाण्याची धातु वांचते, आणि त्याचा इतिहास अर्धा नष्ट होतो. कायद्याचाहि येथें थोडा दोष आहे. १८७८च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें धन जमिनींत सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे. सरकारनें तें ठेवून घ्यावयाचें झाल्यास धातूची किंमत व वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा, असें त्यांत आहे. सोन्याच्या होनाला हा हिशेब एक वेळ चालेल. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्याला मात्र त्यानें कांहींच किंमत उरत नाहीं. ज्याला नांगरटींत असें नाणें मिळालें, त्याला तें कचेरींत नेण्याची हौस वाटावी तरी कां?

ह्या अडचणींतून वाट काढण्याचें साधन छायाचित्रच होऊं शकेल, असें आमचें मत आहे. मात्र तें नीट काढलेलें हवें. दोन्ही बाजू घ्याव्या, शेजारीं मोजपट्टी ठेवावी, वजन व सांपडल्याचें ठिकाण लिहावें, आणि समूह असेल तर तो विखुरण्यापूर्वीं समूहाचेंहि चित्र घ्यावें. प्रकाश बाजूनें, तिरपा व वरच्या अंगाचा असावा. खालून आला तर उठाव खोलगट दिसतो आणि अक्षरें फसवितात. चकाकीसाठीं नाणें चिंचेनें घांसणें हा तर अत्याचारच. त्यानें चित्र उजळतें आणि पुरावा पुसला जातो. अशीं टिपणें करण्यास नाणें आपल्या मालकीचें असण्याची गरज नाहीं. रेणापुराच्या एखाद्या शिक्षकानें शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यांतील नाणीं तेथेंच टिपून पुन्हा देव्हाऱ्यांत ठेवलीं, तर एक पैहि खर्च न करतां त्यानें मोठ्या धनिकाहून मोलाचा संग्रह केला, असें आम्ही म्हणूं.

मालकीचा मोह सुटणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. पण नाणें हा मुळांतच एका हातीं न राहणारा पदार्थ आहे; फिरण्यासाठींच तो पाडला गेला. आजच्या मालकाकडे तो कांहीं दिवसांपुरता आला आहे. पुढच्या हातीं देतांना त्याच्याबरोबर गांवाचें नांवहि जावें, एवढी तरी अपेक्षा ह्या छंदाकडून करणें जास्त होणार नाहीं.