हॅलोजनांच्या क्रियाशीलतेची अपुरी कारणमीमांसा

अनेक क्रमिक पुस्तकांत हॅलोजनांची क्रियाशीलता एका वाक्यात उरकली जाते: गटात खाली जाताना अणूचा आकार वाढतो, इलेक्ट्रॉन स्वीकारण्याची प्रवृत्ती घटते, म्हणून फ्लोरीन सर्वाधिक क्रियाशील. निष्कर्ष बरोबर आहे. कारण मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनचे अणू प्रतिमोल सुमारे ३४९ किलोज्यूल ऊर्जा मुक्त करतात, फ्लोरीनचे केवळ ३२८. फ्लोरीनच्या लहानशा अणूत आधीच दाटी असल्याने तेथील इलेक्ट्रॉन नवागत इलेक्ट्रॉनाला प्रतिकर्षित करतात.

मग फ्लोरीनचे श्रेष्ठत्व कशात आहे? त्याच्या रेणूतील बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे १५८ किलोज्यूल पुरतात; क्लोरीनला २४२ लागतात. बंध दुर्बल होण्याचे एक प्रमुख कारण पुन्हा तीच दाटी: दोन अणूंवरील एकाकी इलेक्ट्रॉन जोड्यांचे परस्पर प्रतिकर्षण. शिवाय लहान फ्लोराइड आयनाच्या जलयोजनातून क्लोराइडच्या तुलनेत प्रतिमोल शंभराहून अधिक किलोज्यूल जास्त मिळतात. म्हणजे ज्या लघुत्वामुळे फ्लोरीन एका पायरीवर मागे पडते, तेच त्याला उरलेल्या पायऱ्यांवर पुढे नेते. हे न सांगता ३२८ या आकड्यावर ‘अपवाद’ असा शिक्का मारला, की विद्यार्थी ऊर्जाचक्र मांडण्याऐवजी अपवादांची यादी पाठ करतो.

गटाच्या दुसऱ्या टोकालाही हीच सवय दिसते. अ‍ॅस्टॅटिनच्या सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे ८.१ तास आहे. डोळ्यांना दिसेल एवढा त्याचा नमुना कोणी पाहिलेला नाही. तरीही तक्त्यांत त्याचा रंग आणि द्रवणांक आयोडीनच्या शेजारी, जणू मोजलेले असावेत असे छापले जातात.