सुट्टे पैसे जवळ ठेवावेत

माझा धाकटा मेहुणा व्हिक्टोरियाचा धबधबा पाहायला झिंबाब्वेला निघाला आहे. साताऱ्याच्या माणसाने ठोसेघर सोडून एवढ्या लांब कशाला जावं, हा प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. पण सासुरवाडीला प्रश्न विचारायचे नसतात, हे मी लग्नानंतर लवकरच शिकलो. निघण्याआधी त्याने एक जाडजूड इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही बँकेतले. यातलं पैशाचं तेवढं वाचून सांगा. बाकीचं ताईने वाचलंय."

ताईने बाकीचं वाचलंय म्हणजे माकडांचं वाचलंय. खोलीच्या खिडक्या बंद ठेवाव्यात, नाहीतर बबून नावाची दांडगी माकडं आत शिरून खाऊ पळवतात, हे वाचल्यापासून ती भावाला दिवसातून दोनदा बजावते आहे.

मी पडलो बी.कॉम. पुस्तकपरीक्षण हा काही माझा प्रांत नव्हे. पण वीस वर्षं लोकांची पासबुकं वाचतो आहे, आणि कमी शब्दांत पुष्कळ सांगणारं वाङ्मय पासबुकाएवढं दुसरं नाही. त्या अनुभवाच्या जोरावर 'उपयुक्त सूचना' या प्रकरणाचं हे परीक्षण.

आधी गुण. लेखक सरळ माणूस आहे. गाडी डाव्या बाजूने चालवावी, म्हणतो. रात्री शहराबाहेर चालवूच नये, रस्त्यात गुरं आणि रानटी जनावरं येतात. झांबेझीच्या काठाला मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात. नदीत पाय बुडवून बसण्याची हौस घरीच भागवावी, कारण तिथे मगरी आणि पाणघोडे आहेत. एप्रिल-मेमध्ये पाऊस नसला तरी रेनकोट घ्यावा; तुषारच इतके उडतात की धबधबा दिसेनासा होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाल तर पाणी ओसरलेलं असतं आणि पलीकडचा झांबियाचा कडा बराचसा कोरडा पडतो. धबधब्याची उंची १०८ मीटर, रुंदी १७०८ मीटर. आमचे प्रवासवर्णनकार अशा ठिकाणी आधी निःशब्द होतात आणि मग सहा पानं लिहितात. हा गृहस्थ रेनकोट घ्या म्हणतो आणि पुढे जातो. मला हे आवडलं.

आता दोष. तो पैशाच्या पानावर आहे. तिथे तीनच सूचना आहेत. एक : अमेरिकन डॉलरच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात, सुट्टे मिळतीलच असं नाही. दोन : स्थानिक चलन गरजेपुरतंच घ्यावं. तीन : जुन्या ट्रिलियनच्या नोटा फेरीवाले विकतात, आठवण म्हणून छान, पण घासाघीस करावी.

तिन्ही सूचना बरोबर आहेत. पण का, ते लेखक सांगत नाही. माकडं खिडकीतून का येतात हे सांगणारा माणूस सुट्टे का नाहीत हे सांगत नाही, याला काय म्हणावं?

मग मीच शोधलं. जुलै २००८ मध्ये त्या देशात महागाईचा सरकारी दर होता २३ कोटी टक्क्यांच्या वर. आमच्याकडे मुदत ठेवीवर पाव टक्का कमी झाला तर लोक मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसतात! २००६, २००८ आणि २००९ अशा तीन वेळा मिळून तिथल्या चलनावरची २५ शून्यं पुसली. जानेवारी २००९ मध्ये १०० ट्रिलियन डॉलरची नोट निघाली. म्हणजे एकावर १४ शून्यं, एक कोटी गुणिले एक कोटी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त या संख्येला 'जलधी' म्हटलं आहे. त्या जलधीच्या पाठीवर हाच धबधबा छापलेला आहे. काही आठवड्यांत ती नोट निकामी झाली आणि दुकानात परदेशी डॉलर आले. पण त्यांची नाणी आली नाहीत, म्हणून सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटं! (हा शोध मात्र आमच्या वाण्याने आधी लावला होता.) एप्रिल २०२४ मध्ये 'झिग' नावाचं नवं चलन आलं, तरी डॉलरची सवय सुटलेली नाही.

जुन्या खात्यांचा हिशेब २०१५ मध्ये मिटवला. १७५ क्वाड्रिलियनपर्यंत शिल्लक असेल त्याला सरसकट ५ अमेरिकन डॉलर. आपल्या भाषेत पावणेदोन परार्ध. भास्कराचार्यांची यादीच परार्धाला संपते. पुढे शब्द नाही. जन्मभराच्या शिलकीचे पाच डॉलर. ते पलीकडच्या माणसाच्या हातावर ठेवणारा एक कॅशियर असणार. मला त्याचं तोंड दिसतं.

दिसतं, कारण नोव्हेंबर २०१६ मध्ये मी खिडकीवर होतो. एक निवृत्त मास्तर दोन तास रांगेत उभे राहून पुढे आले. मी म्हटलं, "मास्तर, खात्यात पैसे आहेत, पण आज कॅश संपली." ते म्हणाले, "म्हणजे आहेत की नाहीत, तेवढं सांग." मला सांगता आलं नाही. मास्तरांना पुढच्या आठवड्यात पैसे मिळाले. तिकडच्या मास्तरांना मिळाले नाहीत.

म्हणून तिसरी सूचना मला खटकते. जी नोट कुणाचा तरी पगार होती, तिच्यासाठी घासाघीस?

पुस्तकाच्या शेवटी शोना भाषेतली काही वाक्यं दिली आहेत. सकाळी भेटल्यावर विचारतात, "मरारा सेई?" झोप कशी लागली? त्यावर उत्तर, "न्दरारा कना मरारावो." तुम्हाला लागली असेल, तर मलाही लागली. लेखकाने हे शिष्टाचारात घातलं आहे. माझ्या मते ते पैशाच्या पानावर हवं होतं. बँकेचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो.

मेहुण्याला मी एवढंच सांगितलं, की लहान नोटा ने, आणि माझ्यासाठी एक जलधी आण. फेरीवाला सांगेल ती किंमत दे.

"पण दाजी, नोट खरी असेल ना?"

"अगदी खरी," मी म्हटलं. "तीच तर भानगड आहे."

आतून आवाज आला, "अहो, खिडक्यांचं सांगितलंत का त्याला?"