पाण्यातले घर

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपासून थोड्या अंतरावर एखादे निसर्गचित्र टांगलेले असते: नदी, नाव, पलीकडे चार घरे. दिनदर्शिकेचे वर्ष सरले तरी ते भिंतीवरून उतरत नाही, कारण ते ‘शांत’ वाटते. ही शांतता चित्रात येते कोठून, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. तो करण्यासाठी फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे 1868 मधील ‘सेन नदीच्या काठी, बेनकूर’ हे तैलचित्र निवडावेसे वाटते. मूळ चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आपल्या हाती येते ती छापील प्रतिकृती.

चित्राचा विषय दोन वाक्यांत संपतो. झाडाखाली गवतावर एक तरुणी बसली आहे आणि पलीकडच्या तीरावरील गावाकडे पाहत आहे. काठाला नाव लागलेली आहे. तरुणीचा चेहरा आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. परंतु चित्राचे खरे मर्म पाण्यात आहे. समोरच्या तीरावरील घराचा बराचसा भाग अलीकडच्या पालवीने झाकला आहे, आणि त्याच घराचे प्रतिबिंब मात्र नदीत मोकळेपणी उतरले आहे. डोळ्यांआड राहिलेले घर आपल्याला पाण्यातून, उलटे होऊन कळते. भिंतीची रेघ कोठेही आखलेली नाही. आहेत ते रंगाचे रुंद, सपाट फटकारे. हिवाळ्यात पाणी निवळल्यावर वैनगंगेच्या काठी, धापेवाड्याच्या बाजूला, ज्याने क्षणभर थांबून पाहिले असेल त्याला हे पटेल. पाण्यातली पांढरी भिंत मूळ भिंतीहून किंचित काळवंडलेली असते आणि तिला नेमक्या कडा नसतात.

ती तरुणी म्हणजे कामीय दॉन्सिए. मोने यांच्याशी तिचा विवाह 1870 मध्ये झाला. त्या उन्हाळ्यात दोघांजवळ वर्षही न भरलेला मुलगा होता आणि पैसा नव्हता. जूनअखेरीस खाणावळीतून त्यांना बाहेर काढण्यात आले. तसे पत्र मोने यांनी आपले चित्रकार मित्र बाझीय यांना लिहिले. हे ठाऊक झाले की तिच्या पाठमोऱ्या बसण्यात दुःख शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. रंगांत त्या विवंचनेची एकही खूण नाही, आणि मला तर यातच चित्रकाराची कठोर शिस्त दिसते. त्याने जे दिसले तेवढेच रंगविले.

पुढे 1874 मध्ये या रीतीला दृक्प्रत्ययवादाचे नाव मिळाले. तेही आरंभी कुचेष्टेने. क्षणाचा आभास आहे, बांधणी नाही, हा तिच्यावरचा जुना आक्षेप. आपल्या गोंदियाशी नाते असलेल्या एका चित्रकारालाही तो ऐकावा लागला. मंडला जिल्ह्यात जन्मलेले, नागपूरला शिकलेले सय्यद हैदर रझा 1943 मध्ये मुंबईला जाण्यापूर्वी काही काळ गोंदियात चित्रकला शिकवीत होते. त्यांची आरंभीची जलरंगचित्रे याच वळणाची, प्रवाही आणि झरझर उतरलेली. 1948 मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी ती पाहून सांगितले की गुण आहे, पण रचना नाही, सेझान अभ्यासावा. 1950 मध्ये रझा फ्रान्सला गेले. त्यांच्या उत्तरकाळातील त्रिकोण, चौकोन आणि बिंदू सर्वांच्या परिचयाचे आहेत.

रझांच्या त्या जलरंगांपुरता हा अभिप्राय रास्तच असेल. मोने यांच्या या चित्राला मात्र तो लागू पडत नाही. झाडाचा उभा बुंधा, तीराचे आडवे पट्टे आणि त्यांना छेद देणारी नाव यांवर सारे चित्र तोलले आहे. प्रतिकृती हाती आली तर ती नाव अंगठ्याने झाकून पाहावी: तरुणी एकाकी होते, आणि पलीकडचे गाव एकदम फार दूर जाते.