सॉक्रेटिसचा बाँड

प्लेटोचा ‘क्रायटो’ हा संवाद एका बैठकीत वाचून होतो. इ.स.पू. 399. अथेन्सच्या तुरुंगात सॉक्रेटिस झोपलाय, अजून नीट उजाडलेलं नाही, आणि उशाशी त्याचा जुना, पैसेवाला मित्र क्रायटो येऊन बसलाय. डेलॉसला गेलेलं पवित्र जहाज परतेपर्यंत कुणाला देहदंड द्यायचा नाही, असा शहराचा रिवाज. ते जहाज आता पोचायच्या बेतात आहे. पैशांची सोय झालीये, थेसलीत माझी माणसं आहेत, ऊठ आणि चल, असं क्रायटो म्हणतो. सॉक्रेटिस म्हणतो, आधी ते योग्य आहे का ते बघू. कायदा मोडणं कधी बरोबर असतं का, अशी चर्चा निघाली की हा संवाद ‘कधीच नाही’च्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभा केला जातो. मला तो साक्षीदार तेवढा पक्का वाटत नाही.

सुरुवातच बघा. पहारेकऱ्यानं तुला इतक्या लवकर आत कसं सोडलं, असं सॉक्रेटिस विचारतो. क्रायटो सांगतो, रोज येऊन ओळख झालीये, शिवाय त्याच्यासाठी मी थोडंफार केलंय. थोडंफार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. सॉक्रेटिस त्यावर चकार शब्द काढत नाही. आत्ता आलास की मघाशीच, एवढंच विचारतो. कायदापालनाचा हा एवढा गाजलेला संवाद चिरीमिरीनं उघडलेल्या दारातून सुरू होतो, आणि प्लेटोनं हे नकळत लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

मग सॉक्रेटिस अथेन्सच्या कायद्यांनाच बोलायला लावतो. आम्ही तुला जन्म दिला, वाढवलं, हा त्यांचा एक मुद्दा. तो कुठल्याही घरातल्या वडिलांचा असतो, सोडून देऊ. खरा मुद्दा कराराचा. आम्ही पटत नसलो तर आपलं सामान घेऊन कुठंही जायची मुभा होती. तू सत्तर वर्षं इथंच राहिलास, लढाईशिवाय फारसा शहराबाहेरही पडला नाहीस. राहिलास, म्हणजे मान्य केलंस. यापुढं एकतर आम्हाला पटवून दे, नाहीतर आम्ही सांगू ते कर.

हे वाचताना मला माझी पहिली नोकरी आठवली. कॅम्पसमधून निवड झाली, दोन वर्षांचा बाँड होता, मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा. एकविसाव्या वर्षी मी न वाचता सही केली. वाचली असती तरी केलीच असती, कारण घरी पेढे वाटून झाले होते. नवव्या महिन्यात मी सोडून गेलो. फोन उचलायचा नाही, मेलला उत्तर द्यायचं नाही, हा सीनियरचा सल्ला. थेसलीची वाट. बाँड म्हणजे कायदा नव्हे, कबूल. पण अथेन्सचे कायदेही शेवटी सहीचीच भाषा बोलतात. राहण्यालाच ते सही समजतात, आणि सही करताना दुसरा काही पर्याय होता का, हे विचारत नाहीत.

गंमत अशी की हाच सॉक्रेटिस ‘अपॉलॉजी’त, म्हणजे खटल्यातल्या भाषणात, न्यायाधीशांना तोंडावर सांगतो की तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर मला मोकळं केलंत तर मी तुमचं ऐकणार नाही. तीस जुलमी सत्ताधीशांनी सलामिसच्या लिऑनला पकडून आणायला पाठवलं तेव्हा आपण सरळ घरी गेलो, हेही सांगतो. या दोन सॉक्रेटिसांचा मेळ कसा घालायचा यावर ढीगभर लिहिलं गेलंय. मला साधा फरक दिसतो. तो नकार देतो, पळत नाही. तोंडावर दिलेला नकार हाही पटवून देण्याचाच प्रकार आहे.

‘अपॉलॉजी’चा सारांश गांधींनी 1908 मध्ये गुजरातीत ‘एक सत्यवीरनी कथा’ म्हणून ‘इंडियन ओपिनियन’मध्ये छापला. सरकारनं पुढं त्यावर बंदी घातली. 6 एप्रिल 1919 ला, रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी, मुंबईत उघडपणे विकायला काढलेल्या बंदी असलेल्या पुस्तकांच्या यादीत तीही होती. संध्याकाळी गांधी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून पुस्तकं विकत फिरले. सरकारनं नंतर म्हटलं, ही नवी आवृत्ती आहे, बंदी जुनीवर होती, तेव्हा गुन्हा झालेलाच नाही. लोक हिरमुसले, असं गांधींनीच आत्मकथेत लिहिलंय.

पण उघडपणा पुरतो का? इथं मला महाड आठवतं, आणि गोष्ट अवघड होते. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांनी कायदा मोडलाच नव्हता. बोले ठराव 1923 चा, नगरपालिकेनं तळं खुलं केल्याला तीन वर्षं झाली होती. मोडत होते ते मारायला धावलेले. डिसेंबरात त्याच बाजूनं न्यायालयातून मनाई हुकूम आणला. हजारो लोक तळ्यावर जायच्या तयारीनं आले होते, आणि बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. हुकूम अन्यायाचा होता, तरी त्याविरुद्ध लढायला न्यायालयाचं दार उघडं होतं. तो दावा मुंबई हायकोर्टात 1937 ला जिंकला. दहा वर्षं! मात्र त्याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तिच्यात पटवून द्यायची सोय नव्हती, आणि निघून जायचीही नाही. गाव सोडलं तरी जात बरोबर येते.

अथेन्सच्या कायद्यांचा युक्तिवाद सॉक्रेटिसला लागू पडतो, कारण त्याला सभा होती, न्यायालय होतं, बोलायला सत्तर वर्षं होती. त्याच शहरातल्या बायकांना आणि गुलामांना तो कसा लागू करणार? संवादात हे विचारायला कुणीच नाही. कायद्यांचं भाषण संपतं, सॉक्रेटिस म्हणतो, काही बोलायचं असेल तर बोल, आणि क्रायटो म्हणतो, माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. दरवेळी इथं मला त्याचा राग येतो.

राग यायचा मला फारसा हक्क नाही. बाँड अन्यायाचा आहे हे मी कंपनीला कधीच सांगितलं नाही. गुणपत्रिका परत मागायलाही गेलो नाही. विद्यापीठातून डुप्लिकेट काढल्या, आणि त्यासाठी मूळ प्रती प्रवासात गहाळ झाल्या असं स्टँप पेपरवर शपथेवर लिहून दिलं.