इस्केमिक पक्षाघाताचे प्रतिमाधारित निदान आणि पूर्वानुमान : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

पक्षाघात झाला की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची रीत कोकणातील खेड्यापाड्यांत आजही आहे. या शब्दप्रयोगात आजाराचे दृश्य रूप नेमके उतरले आहे. परंतु मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की फुटली, हे त्यातून कळत नाही. केवळ बाह्य लक्षणांवरून ते अनुभवी वैद्यालाही खात्रीने सांगता येत नाही. पहिल्या प्रकाराला इस्केमिक, तर दुसऱ्याला रक्तस्रावजन्य पक्षाघात म्हणतात. पहिल्यावर जे औषध उपकारक ठरते, तेच दुसऱ्यात प्राणघातक ठरू शकते. म्हणून मेंदूची प्रतिमा हा या आजारातील उपचाराचा उंबरठा ठरला आहे.

गेल्या तीन दशकांत या प्रतिमेकडून असलेल्या अपेक्षा वाढत गेल्या. आधी ती ‘काय झाले आहे’ एवढेच सांगत असे. पुढे ‘काय होणार आहे’ हेही तिने सांगावे, असे संशोधक मानू लागले. निदान आणि पूर्वानुमान ही दोन कार्ये भिन्न आहेत आणि त्यांच्या पुराव्याचे बळही सारखे नाही, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. येथे प्रतिमेवरून केवळ उपचार ठरत नाही, तर रुग्णाला घाट ओलांडून पुढे पाठवायचे की नाही, हेही ठरते.

निदान : प्रतिमेचे निर्विवाद कार्य

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला गेला. या शोधासाठी हाउन्सफील्ड व अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये ताजे रक्त पांढरे दिसते, त्यामुळे रक्तस्राव ओळखणे सोपे झाले. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘निन्ड्स’ चाचणीत ६२४ रुग्णांचा समावेश होता. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध दिल्यास अपंगत्व कमी होते, हे तिने दाखविले. मात्र मेंदूत लक्षणीय रक्तस्राव होण्याचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, तर इतरांत ०.६ टक्के होते. या चाचणीत सीटीकडे मुख्यतः एकच काम होते : रक्तस्राव नाही याची खात्री करणे. २००८ मध्ये ‘इकॅस-३’ चाचणीने ही कालमर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली.

या साध्या कार्याचे मोल महाराष्ट्रातील आकडेवारीतूनही दिसते. डॉ. पी. एम. दलाल व सहकाऱ्यांनी मुंबईत केलेल्या लोकसंख्याधारित पाहणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १ लाख ५७ हजार लोकसंख्येत दोन वर्षांत प्रथमच पक्षाघात झालेल्या ४५६ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ८० टक्के इस्केमिक, तर सुमारे १८ टक्के रक्तस्रावजन्य होते. २८ दिवसांच्या आत जवळजवळ ३० टक्के रुग्ण दगावले. दर पाच-सहा रुग्णांत एक रक्तस्रावाचा असेल, तर प्रतिमेवाचून औषध देणे म्हणजे जुगारच होय.

सीटीची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. इस्केमिक पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी बहुधा निर्दोष दिसतो. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात ३५६ संशयित रुग्णांपैकी ४६ टक्क्यांत एमआरआयने तीव्र इस्केमिक पक्षाघात ओळखला, सीटीने केवळ १० टक्क्यांत. एमआरआयमधील डिफ्यूजन पद्धतीला पेशींतील पाण्याच्या रेणूंची मंदावलेली हालचाल टिपता येते. रक्त तुटल्यावर काही मिनिटांतच ती मंदावते. तेव्हा निर्दोष सीटीचा अर्थ ‘पक्षाघात नाही’ असा नव्हे, तर ‘रक्तस्राव नाही’ एवढाच होतो. हा अर्थभेद तालुक्याच्या ठिकाणी विसरला गेला, तर पाठवणीयोग्य रुग्ण घरी परततो.

घड्याळाकडून पेशीकडे

साडेचार तासांची मर्यादा पाळण्यासाठी लक्षणे केव्हा सुरू झाली, हे सांगणारा साक्षीदार लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात नेमकी हीच अडचण आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली, म्हणजे घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचे हे प्रतिबिंब होय. घरात वृद्ध आई-वडील, कित्येकदा एकटी आई, आणि शेजार हाकेच्या अंतरावर असेलच असे नाही. रात्री निजलेली व्यक्ती सकाळी हात उचलू शकत नाही, तेव्हा घड्याळ केव्हा सुरू झाले हे कोणी सांगावे? इस्केमिक पक्षाघाताच्या सुमारे पाचांतील एका रुग्णाच्या बाबतीत तो झोपेतून उठताना लक्षात येतो, असे संशोधन-साहित्य सांगते.

अशा रुग्णांसाठी संशोधनाने साक्षीदाराऐवजी पेशीला विचारण्याचा मार्ग काढला. २०१८ च्या ‘वेक-अप’ चाचणीत डिफ्यूजन प्रतिमेत इजा दिसते, पण ‘फ्लेअर’ प्रतिमेत ती अद्याप उमटलेली नाही, अशा ५०३ रुग्णांची निवड झाली. फ्लेअरमधील बदल काही तासांनी दिसतो. म्हणून ही विसंगती इजा ताजी असल्याची खूण मानली गेली. औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के, तर इतरांपैकी ४१.८ टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले. त्याच वर्षीच्या ‘डॉन’ व ‘डिफ्यूज-३’ चाचण्यांनी मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी यंत्राने काढण्याची मुदत अनुक्रमे २४ व १६ तासांपर्यंत नेली. ‘डॉन’मध्ये स्वावलंबी झालेल्यांचे प्रमाण ४९ विरुद्ध १३ टक्के, तर ‘डिफ्यूज-३’मध्ये ४५ विरुद्ध १७ टक्के होते.

या यशाची दुसरी बाजू अशी, की ते एमआरआय किंवा परफ्यूजन प्रतिमा आणि तिचे स्वयंचलित संगणकीय विश्लेषण यांवर उभे आहे. साक्षीदार नसलेल्या रुग्णांना या पद्धतीची सर्वाधिक गरज. आणि ज्या भागात असे रुग्ण अधिक, त्या भागापासून ही साधने सर्वांत दूर. साध्या सीटीवरच भागविता येईल का, याची परीक्षा ‘ट्विस्ट’ चाचणीने केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत झोपेतून उठताना पक्षाघात लक्षात आलेल्या ५७८ रुग्णांची निवड साध्या सीटीवर झाली. टेनेक्टेप्लेस या औषधाचा त्यांना सिद्ध लाभ झाला नाही. ‘सीटी आहे, तेवढा पुरे’ हा दिलासा अशा रुग्णांबाबत तरी देता येत नाही.

पूर्वानुमानाचा दावा आणि त्याची परीक्षा

पूर्वानुमानासाठी सर्वाधिक वापरला जाणारा मापदंड म्हणजे २००० मध्ये कॅल्गरीच्या संशोधकांनी मांडलेला ‘अ‍ॅस्पेक्ट्स’ गुणांक. मध्य प्रमस्तिष्क धमनीच्या क्षेत्राचे दहा भाग कल्पून इजा दिसलेल्या प्रत्येक भागासाठी एक गुण वजा केला जातो. गुण कमी, तेवढे भवितव्य वाईट, हे निरीक्षण मुळात योग्यच होते. पण हळूहळू त्या निरीक्षणाचा नियम झाला. सहापेक्षा कमी गुण असलेल्या रुग्णांना बहुतांश चाचण्यांतून वगळण्यात आले. वगळलेल्यांवर उपचार झाले नाहीत. त्यामुळे त्यांची अवस्था वाईटच राहिली. आणि वाईट अवस्थेमुळे वगळण्याचा नियम अधिक दृढ झाला. भाकितानेच स्वतःचा पुरावा निर्माण करावा, असा हा प्रकार होता.

या चक्राला पहिला छेद २०२२ मध्ये जपानी चाचणीने दिला. २०३ रुग्णांच्या ‘रेस्क्यू-जपान लिमिट’मध्ये मोठी इजा असूनही गुठळी काढलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्ण आधाराविना चालू शकले; केवळ औषधोपचार झालेल्यांत हे प्रमाण १२.७ टक्के होते. २०२३ मध्ये ‘सिलेक्ट-२’मध्ये स्वावलंबनाचे प्रमाण २० विरुद्ध ७ टक्के, तर चीनमधील ‘एंजल-अ‍ॅस्पेक्ट’मध्ये ३० विरुद्ध ११.६ टक्के आढळले. त्याच वर्षीच्या ‘टेन्शन’ चाचणीत रुग्णांची निवड प्रामुख्याने साध्या सीटीवर झाली होती आणि तेथेही लाभ दिसला. म्हणजे ज्यांना प्रतिमेने ‘व्यर्थ’ ठरविले होते, त्यांपैकी काही जण उपचाराने सावरत होते. यातून सारेच बरे होतात असा अर्थ काढणे चूक ठरेल. ‘सिलेक्ट-२’मध्ये दोन्ही गटांत सुमारे चाळीस टक्के रुग्ण मृत्यू पावले. परंतु संभाव्य निष्पत्ती वाईट असणे आणि उपचाराचा उपयोग नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आधीच्या साहित्याने त्यांची गल्लत केली होती.

दुसरा आक्षेप ‘निष्पत्ती’च्या व्याख्येवर घेता येतो. बहुतेक चाचण्यांत नव्वद दिवसांनंतर शून्य ते सहा अशा श्रेणीवर रुग्णाची स्थिती मोजतात. श्रेणी तीन म्हणजे आधाराविना चालता येते, पण काही कामांत मदत लागते. सपाट फरशीवर चालणे आणि जांभ्या दगडांची पाखाडी उतरून रस्त्यापर्यंत जाणे यांत कोकणात मोठे अंतर आहे. मदतीला माणूस नसेल, तर तीच श्रेणी घरबंद जीवनाचे दुसरे नाव ठरते. घरच्या माणसांवर भिस्त ठेवणेही पुरेसे नाही. भारतातील १४ केंद्रांत १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन केलेल्या पुनर्वसनाचा लाभ सिद्ध झाला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील ४७ टक्के रुग्ण मृत किंवा परावलंबी होते. रुग्णाचे भवितव्य मेंदूच्या प्रतिमेत अंशतः असते. उरलेला भाग त्याच्या घराच्या, रस्त्याच्या आणि व्यायामोपचाराच्या उपलब्धतेत असतो. प्रतिमेवर बेतलेली पूर्वानुमानाची सूत्रे या भागाची दखल क्वचितच घेतात.

यंत्रवाचनाची आशा

तज्ज्ञ रेडिऑलॉजिस्टची उणीव संगणक भरून काढील, ही आशा अलीकडे वाढली आहे. या संदर्भात मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेले काम उल्लेखनीय आहे. भारतातील सुमारे वीस केंद्रांतील ३,१३,३१८ सीटी स्कॅनचा त्यात वापर झाला. मेंदूतील रक्तस्राव, कवटीचे अस्थिभंग, मध्यरेषेचे सरकणे व दाबाचा परिणाम ही लक्षणे ओळखण्यात या प्रणालीने चांगली अचूकता दाखविली. मात्र या यादीत प्रारंभिक इस्केमियाची सूक्ष्म चिन्हे नव्हती. जे माणसाला सहज दिसते ते यंत्र झटपट सांगते, हे उपयुक्तच आहे. पण जे माणसालाच धूसर दिसते, तेथे यंत्राचा दावा अधिक कसून तपासला पाहिजे. अ‍ॅस्पेक्ट्सचे गुण देताना तज्ज्ञांतही मतभेद होतात. त्याच गुणांवर शिकविलेले यंत्र त्या मतभेदांचा वारसाही घेते.

रत्नागिरीचा संदर्भ

जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर पसरलेला आहे. रत्नागिरी शहरापासून आंबा घाटातून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, तर मुंबई त्याच्या अडीचपट लांब. मंडणगड किंवा दापोलीच्या रुग्णाला जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यातच काही तास जातात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सावर्डे येथे २०१५ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. संस्था उभ्या राहत आहेत. प्रश्न त्यांच्यातील दुव्याचा आहे.

अशाच डोंगराळ हिमाचल प्रदेशात २०१४ पासून एक पर्याय राबविण्यात आला. सीटीची सोय असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील वैद्यांनी प्रतिमा भ्रमणध्वनीवरून शिमला व टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील न्यूरॉलॉजिस्टांकडे पाठवायच्या आणि त्यांच्या सल्ल्याने जागीच औषध द्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. औषध राज्य शासनाने मोफत पुरविले. येथे नवे यंत्र आलेले नव्हते. असलेल्या प्रतिमेला वाचणारा जोडून दिला होता.

याच दिशेने एक पाऊल पुढे म्हणजे सीटी अँजिओग्राफी. अनेक सीटी यंत्रांवर शिरेतून रंगद्रव्य देऊन ती करता येते आणि मोठी रक्तवाहिनी बंद आहे का, हे कळते. २०२३ च्या ‘एमआर क्लीन-लेट’ चाचणीत सहा ते चोवीस तासांच्या रुग्णांची निवड याच प्रतिमेतील पर्यायी रक्तप्रवाहावरून झाली आणि गुठळी काढण्याचा लाभ दिसला. गुठळी काढण्याची सोय जवळ नसलेल्यांनाही आशा आहे. २०२४ च्या चीनमधील ‘ट्रेस-३’ चाचणीत अशा ५१६ रुग्णांना साडेचार ते चोवीस तासांच्या दरम्यान टेनेक्टेप्लेस दिल्यावर जवळजवळ पूर्ववत होण्याचे प्रमाण ३३ विरुद्ध २४.२ टक्के आढळले. त्यासाठी परफ्यूजन प्रतिमा मात्र आवश्यक होती, आणि रक्तस्रावाचा धोकाही वाढला होता.

निष्कर्ष

इस्केमिक पक्षाघातातील प्रतिमाशास्त्राने निदानाचे काम चोख बजावले आहे. पूर्वानुमानाच्या बाबतीत त्याचा आत्मविश्वास पुराव्याच्या पुढे धावला आणि २०२२ नंतरच्या चाचण्यांनी त्याला मागे खेचले. या इतिहासातून जिल्हा पातळीवर एक सूत्र निघते : प्रतिमेचा उपयोग प्रथम रुग्णाला उपचाराच्या कक्षेत आणण्यासाठी व्हावा, त्याला वगळण्यासाठी तिचा आधार घेताना पुराव्याची अट अधिक कडक असावी. महानगरात वगळलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी दुसरे मत मिळू शकते. आंबा घाटाच्या अलीकडे ‘पाठवून उपयोग नाही’ हे वाक्य बहुधा अखेरचे ठरते. ते उच्चारण्यापूर्वी ती प्रतिमा किमान आणखी एका जाणकार नजरेखालून गेलेली असणे, ही या आढाव्यातून निघणारी सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत निकडीची अपेक्षा आहे.