पटकथेचे एकवाक्यी कथासूत्र : 'श्वास' आणि 'कोर्ट' यांच्या संदर्भात

संपूर्ण पटकथेचा गाभा एका, फार तर दोन वाक्यांत मांडणाऱ्या मजकुरास चित्रपटव्यवसायात 'लॉगलाइन' असे म्हणतात. मराठीत त्यास 'एकवाक्यी कथासूत्र' म्हणता येईल. निर्मात्यापुढे पटकथा मांडण्याचे साधन म्हणून ते ओळखले जात असल्याने साहित्याच्या अभ्यासकास ते बाजारू वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ही कल्पना जुनीच होय. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'च्या सतराव्या प्रकरणात 'ओडिसी' या महाकाव्याचे कथानक नायकाचे नावही न घेता मोजक्या वाक्यांत सांगितले आहे आणि उर्वरित सारा भाग उपकथनाचा मानला आहे.

पटकथालेखनाच्या पाठ्यपुस्तकांत या कथासूत्राचा एक ठरीव साचा आढळतो : नायक, त्याचे ध्येय, आड येणारा अडथळा आणि अपयश आल्यास होणारी हानी. हा साचा कितपत पुरेसा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात दोन मराठी चित्रपटांच्या आधारे करावयाचा आहे.

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (2004) या चित्रपटाचे सूत्र लिहावयास सांगितले असता 'आजोबा आणि नातू यांच्या हृदयस्पर्शी नात्याची कथा' असे वाक्य सहज सुचते. ते चुकीचे नाही, निरुपयोगी आहे. अशाच नात्यावरील कोणत्याही चित्रपटास ते चिकटविता येईल. त्यात प्रेक्षकाला काय वाटावे हे सांगितले आहे. काय घडते ते नाही. 'आजोबा नातवाला वाचवू शकतील काय?' हे प्रश्नरूपही फसवे आहे. नातवाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे आणि शस्त्रक्रियेने जीव वाचू शकेल, हे डॉक्टर सांगतातच. पेच निराळाच आहे. तो असा मांडता येईल : 'नातवाचा जीव वाचविण्यासाठी त्याच्या दृष्टीवर पाणी सोडावे लागणारे कोकणातील एक आजोबा, शस्त्रक्रियेपूर्वीच्या उरलेल्या वेळात त्याला रुग्णालयातून बाहेर काढून डोळे भरून जग दाखवितात.'

या वाक्याचा पूर्वार्ध तेवढा ठेवला तर हाती उरते ती वैद्यकीय परिस्थिती, आणि तिचा नायक डॉक्टरही होऊ शकेल. उत्तरार्धातील कृतीमुळे ही कथा आजोबांची होते. ज्या दोन गोष्टी एकाच वेळी लाभणे शक्य नाही त्या वाक्यात समोरासमोर आल्या पाहिजेत, आणि त्या कोंडीत सापडलेल्या माणसाने काही करावयास हवे. 'श्वास'पुरता पाठ्यपुस्तकी साचा, थोडा वाकवून का होईना, उपयोगी पडतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या चित्रपटाबाबत मात्र तो उघडच अपुरा ठरतो. साच्याबरहुकूम लिहावयाचे तर 'खोट्या आरोपातून सुटण्यासाठी एक वृद्ध लोकशाहीर न्यायव्यवस्थेशी झुंज देतो' असे लिहावे लागेल. हे वाक्य झोकदार आहे, पण ते दुसऱ्याच चित्रपटाचे आहे. नारायण कांबळे सुटकेसाठी झुंजत नाही. संधी मिळताच तो पुन्हा गाऊ लागतो. कॅमेरा त्याला सोडून वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो आणि अखेरीस सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांपाशी थांबतो. म्हणून मी त्याचे सूत्र असे लिहीन : 'गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराला आपल्या गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपावरून एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो, आणि तो चालविणारी माणसे संध्याकाळी आपापल्या घरी जातात.'

यात नायकाचे ध्येय नाही आणि निर्मात्याला ओढून घेणारी उत्कंठाही कमीच आहे, हा आक्षेप मान्य करावा लागेल. परंतु न्यायालयाचा संथपणा आणि त्यातील माणसांचे निर्विकार नित्यजीवन हाच येथील खरा अडथळा आहे, आणि तो या वाक्यात शाबूत राहतो. ज्या संहितेला 'नायक निष्क्रिय आहे' असा शेरा मारून वर्गात कमी गुण दिले जातील, तशीच संहिता असलेल्या या चित्रपटास व्हेनिस महोत्सवात 'ओरिझोंती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आणि पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पटकथालेखन शिकविताना साचा हीच कसोटी ठरली, तर असे लेखन पहिल्याच वाक्यापाशी अडविले जाईल. सूत्र पटकथेवरून तपासावे. सूत्रावरून पटकथा कापू नये.

भाषेचा मुद्दाही येथे गौण नाही. इंग्रजी नमुन्यावरून लिहिलेली कथासूत्रे 'जेव्हा एक तरुण... तेव्हा त्याला...' अशी अडखळत चालतात. मराठीची ठेवण वेगळी आहे. 'मृत्यू पावलेल्या', 'सोडावे लागणारे' यांसारख्या धातुसाधित विशेषणांत पूर्वकथा नामाच्या आधीच सामावून घेता येते आणि क्रियापद अखेरीस येत असल्याने वाक्याचा सारा भार कृतीवर पडतो. म्हणूनच विद्यार्थ्याच्या सूत्रात शेवटचे क्रियापद कोणते आहे हे मी प्रथम पाहतो. 'आहे' असेल तर बहुधा तेथे विषय असतो, कथा अजून सापडावयाची असते.