पर्यायी संगणक प्रणाली आणि मराठी मजकुराचे स्वातंत्र्य

प्रास्ताविक :
वैयक्तिक संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स वापरण्याची चर्चा बहुधा किमतीपाशी सुरू होते व तेथेच संपते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने या चर्चेस पुन्हा निमित्त मिळाले. कारण विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असून, ती नसलेले सुस्थितीतील संगणकही अधिकृतरीत्या अपात्र ठरतात. तथापि 'फुकट मिळते म्हणून वापरावे' हा युक्तिवाद अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विवेचन :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे किमतीचा नव्हे तर स्वातंत्र्याचा विचार होता. प्रणाली वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि इतरांस देणे, असे या स्वातंत्र्याचे स्वरूप आहे. लिनस टोरवाल्ड्स यांचा १९९१ मधील लिनक्स गाभा पुढील वर्षी याच प्रकल्पाच्या परवान्याखाली आला. आज उबुंटूसारखी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, किंवा विंडोज कायम ठेवून तिच्या शेजारी बसवता येते.

मराठीच्या अध्यापकाची खरी अडचण मात्र निराळी आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या मजकुरात 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. रोमन अक्षराच्या संकेतांकावर देवनागरी आकार बसवलेला असतो. तो फाँट नसेल तेथे प्रबंधाचे पान निरर्थक रोमन चिन्हांनी भरलेले दिसते. हा दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. वस्तुतः फाँट नसलेल्या विंडोजवरही हेच घडते. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी समाविष्ट होती. म्हणजे उपाय लिनक्सइतकाच जुना आहे; विलंब झाला तो स्वीकारात. लिनक्सवर इनस्क्रिप्ट कळफलक आणि लोहितसारखे मुक्त फाँटही उपलब्ध आहेत.

लिनक्सचे पुरस्कर्तेही येथे उणे पडतात. ते प्रणाली बसवून देतात. पण जुन्या धारिकांचे काय करावे, हे सांगत नाहीत. परिणामी अध्यापक आठवडाभरात विंडोजकडे परततो आणि दोष प्रणालीवर येतो.

समारोप :
सबब, क्रम उलटा हवा. आधी प्रबंध, टिपणे व प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासाव्यात. प्रणाली नंतर बदलावी. जुना फाँट चालवणारा शेवटचा संगणक बंद पडल्यावर हे काम अधिक कठीण होईल. मजकूर बंदिस्त असेल, तर मुक्त प्रणाली घेऊनही अभ्यासक मुक्त होत नाही.